फ्रेंचमध्ये प्रश्न विचारायचे तीन साचे, आणि त्यातला हाताशी कोणता ठेवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ए-टू (सुरुवातीची दुसरी) पातळी झाली, आता टीईएफ कॅनडाची, म्हणजे कॅनडात जाण्यासाठीच्या फ्रेंच परीक्षेची, तयारी चालू आहे, पुढे माँट्रियलला जायचा विचार आहे. तोंडी परीक्षेच्या पहिल्या भागात एक जाहिरात समोर ठेवतात आणि फोनवर बोलतोय असं धरून पाच मिनिटांत माहिती काढायची असते. पुस्तकात एकच प्रश्न तीन तऱ्हांनी दिलाय, व्हिडिओत चौथीच तऱ्हा ऐकू येते आणि तोंड उघडायच्या वेळी "आता कोणती वापरू" यातच अडकायला होतं. वर क्लासमधल्या कुणीतरी सांगितलंय की क्रियापद पुढे आणून विचारलं नाही तर ते उद्धट वाटतं.

या शेवटच्या गोष्टीपासून सुरू करतो, कारण बरीचशी भीती तिच्यातूनच येते. ते खरं नाही. फ्रेंचमधला सभ्यपणा क्रियापदाच्या जागेवर ठरत नाही, तो दुसरीकडे असतो. त्याबद्दल पुढे लिहितो.

मी फ्रेंच शिकवतो आणि दुभाष्याचं कामही करतो. माझ्या अनुभवात अडचण "तीन साचे आहेत" ही नसते. बोलताना दोन निर्णय एकदम घ्यावे लागतात, ती असते: साचा कोणता आणि प्रश्नशब्द कोणता. पहिला निर्णय एकदाच घेऊन कायमचा मिटवता येतो. दुसऱ्याला सराव लागतो आणि मराठी माणूस नेमका तिथेच ठेचकाळतो. (खाली फ्रेंच शब्द कानाला ऐकू येतात तसे लिहिलेत. अनुस्वार म्हणजे नाकातला स्वर, पुढे स्पष्ट न किंवा म उच्चारायचा नाही.)

एक वाक्य घेऊ: "हीटिंग भाड्यात धरलंय का?" माँट्रियलमध्ये घर बघताना हा प्रश्न टळणार नाहीच.

ल शोफाज ए कोंप्री? इथे वाक्य साधं विधानाचं आहे, फक्त शेवटी आवाज चढवला.
एस्क ल शोफाज ए कोंप्री? तेच विधान, पुढे "एस्क" लावलं.
ल शोफाज एतिल कोंप्री? इथे क्रियापदामागे "इल" चिकटवलं.

तिसऱ्याकडे नीट बघा. कर्ता "ल शोफाज" पुढे आहेच, तरी क्रियापदानंतर त्याचं सर्वनाम पुन्हा आणावं लागतं. म्हणजे बोलता बोलता नामाचं लिंग आठवायचं, इल (तो) की एल (ती) ते ठरवायचं, एकवचन-अनेकवचन जुळवायचं, आणि क्रियापद स्वरात संपत असेल तर मध्ये एक "त" घालायचा: पार्ल-तिल, या-तिल. परीक्षकासमोर घड्याळ चालू असताना एवढी कसरत कशाला करायची?

म्हणून माझं सरळ म्हणणं: "एस्क" हा तुमचा रोजचा साचा करा. यात वाक्याला हात लावावा लागत नाही. विधान जसंच्या तसं राहतं. ऐकणाऱ्याला पहिल्याच अक्षराला कळतं की प्रश्न येतोय. आणि हा साचा घरमालकाला, डॉक्टरला, मित्राला, सरकारी खिडकीवरच्या बाईंना, कुणालाही चालतो. आपण "का" शेवटी लावतो, फ्रेंच माणूस तेच काम वाक्याच्या सुरुवातीला करून टाकतो. हिंदीतलं सुरुवातीचं "क्या" ज्यांच्या सवयीचं आहे त्यांना हे सोपं जातं. लिहिताना ते तीन शब्द दिसतात, पण बोलताना एकच ठोका असतो: एस्क. "एस्-स-क" असं सुटं म्हणू नका. पुढे स्वर आला की जोडून टाका: एस्किल, एस्केल, एस्कों.

नुसत्या आवाजाच्या चढावर विचारलेला प्रश्न रोजच्या बोलण्यात सर्वांत जास्त ऐकू येतो, तो वापरायला काहीच हरकत नाही. एक धोका मात्र सांगतो. मराठीत "का" हा शब्दच प्रश्नाचं काम करतो, त्यामुळे आपला आवाज बऱ्याचदा शेवटी खालीच येतो. ही सवय फ्रेंचमध्ये आली की तुम्ही विचारता "ल शोफाज ए कोंप्री", समोरच्याला वाटतं तुम्ही माहिती देताय, तो "आ बों" (असं होय) म्हणतो आणि दोघंही गप्प. चढ शेवटच्या अक्षरावर हवा, इथे "प्री" वर, आणि तो स्पष्ट हवा. फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून तिथे तर जास्तच. आणि कुठे, कधी, किती असा प्रश्नशब्द वाक्यात पुढे असेल तेव्हा हा चढ लागत नाही, आवाज सहसा उतरतो. प्रत्येक प्रश्नाला आवाज चढवत गेलं तर चौकशीपेक्षा उलटतपासणी वाटते.

आता क्रियापद पुढे आणायचा साचा. तो वर्तमानपत्रांत, फॉर्मवर, औपचारिक पत्रांत, टीव्हीवरच्या मुलाखतींत भेटतो. आपल्याकडे फ्रेंच शिकवताना पहिल्या धड्यालाच "कोमां वू-झापले-वू?" (तुमचं नाव काय?) पाठ करून घेतात, त्यामुळे तोच खरा प्रश्न आणि बाकीचे कामचलाऊ, असा समज बसतो. ऐकून कळायला तो हवाच. बोलायला मात्र थोडी तयार वाक्यं पुरतात, ती सुट्या शब्दांसारखी पाठ करा: कोमां-ताले-वू (कसे आहात), केलर एतिल (किती वाजले), पूर्ये-वू (तुम्ही कराल का), या-तिल (आहे का), प्वीज. शेवटचं "प्वीज" म्हणजे "मी करू का". "ज" (मी) ला मागे टाकायचे प्रकार बोलण्यात मोजकेच उरलेत, आणि पूव्वार (करू शकणे) या क्रियापदाचं नेहमीचं रूप उलटं करून "प-ज" असं कुणी म्हणत नाही, तिथे प्वीजच. बाकी सगळीकडे "एस्क ज..." म्हणा आणि पुढे चला.

मग सभ्यपणा कुठे आहे? आधी बोंजूरमध्ये, म्हणजे नमस्कारात. आपण रस्त्यात "अहो काका, स्टेशन कुठे?" असं विचारतो, त्यात काही वावगं नाही, "अहो" मध्येच आदर आला. फ्रान्समध्ये दुकानात शिरून बोंजूर न म्हणता थेट प्रश्न टाकलात तर तो व्याकरणाने कितीही शुद्ध असला तरी उत्तर रुक्ष मिळेल, किंवा दुकानदार आधी स्वतःच मुद्दाम "बोंजूर" म्हणेल. ती तक्रार समजायची. मग "वू", जो आपल्या "तुम्ही"च्या जागी बसतो. मग क्रियापदाचं मऊ रूप: "वू पूवे" (तुम्ही करू शकता) ऐवजी "वू पूर्ये", "ज व" (मला हवंय) ऐवजी "ज वूद्रे". आणि एक खास फ्रेंच तऱ्हा, नकारातून विचारायची: "वू नोर्ये पा अं स्तिलो?" तुमच्याकडे पेन नसेल ना? यात समोरच्याला नाही म्हणायची वाट आधीच मोकळी ठेवलेली असते. यातल्या एकाही वाक्यात क्रियापद पुढे आलेलं नाही, आणि एवढं सांभाळलंत तर कुणीही तुम्हाला उद्धट म्हणणार नाही.

साच्याचा निर्णय इथे मिटला. आता प्रश्नशब्द, आणि इथे जरा थांबायला हवं.

सगळ्यात जास्त चुका "काय" मध्ये होतात. मराठीत "काय झालं?" आणि "काय करता?" दोन्हीकडे काय तेच. फ्रेंचमध्ये पहिल्यात "काय" हा कर्ता आहे, म्हणून केस्की: केस्की स पास? दुसऱ्यात ते कर्म आहे, म्हणून केस्क: केस्क वू फेत? आपला विद्यार्थी हमखास "केस्क स पास" म्हणतो. बोलताना कर्ता-कर्म ओळखत बसायला वेळ नसतो, म्हणून मी वेगळी खूण देतो. पुढचा शब्द बघा. पुढे थेट क्रियापद येत असेल (त्याला चिकटलेला "स" धरून), तर केस्की. पुढे वू (तुम्ही), त्यू (तू), इल (तो) किंवा एखादं नाम, म्हणजे कुणीतरी करणारा येत असेल, तर केस्क. प्रश्नार्थक रचना म्हणून लांबलचक दिसते ती याच दोन तुकड्यांची आहे. पहिला तुकडा सांगतो माणूस की वस्तू (की किंवा क), शेवटचा सांगतो कर्ता की कर्म (पुन्हा की किंवा क). "की एस्की" मध्ये दोन्ही टोकांना की आहे, म्हणजे माणूस आणि तोच करणारा. हे एकदा कागदावर मांडून बघा, चारही रूपं आपोआप सुटतात. बोलताना मात्र "कोण"साठी नुसतं "की" पुरतं: की पे लेलेक्त्रिसिते? वीजबिल कोण भरतं?

दुसरी चूक "तुमचं नाव काय, भाडं काय, पत्ता काय" या आपल्या वाक्यांतून येते. इथे केस्क लावू नका. नामाबद्दल विचारताना आणि मध्ये "असणे" हे क्रियापद असताना "केल" हवं: केल ए ल ल्वाये? केल ए लाद्रेस? हे केल नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे लिहिताना बदलतं, उच्चार चारही रूपांचा एकच. म्हणजे तोंडी परीक्षेत ही चूक ऐकूच येत नाही. लेखी परीक्षेत दिसते.

विभक्तीच्या बाबतीत मराठी उलट मदतीला येते. आपण "कोणाबरोबर", "कशाबद्दल", "कुठून" एकत्रच म्हणतो. फ्रेंचमध्येही हा जोड तुटत नाही, फक्त "बरोबर" आधी येतं: आवेक की, द क्वा, दू. पूर्ण गाठोडं उचलून पुढे ठेवायचं आणि मग एस्क: आवेक की एस्क ज द्वा पार्ले? (मी कोणाशी बोलायला हवं?) इंग्रजीतून फ्रेंच शिकणारे यातला तुकडा वाक्याच्या शेवटी लोंबकळत ठेवतात. तुम्ही मराठीतून विचार केलात तर ही चूक होणारच नाही.

प्रश्नशब्द कुठे ठेवायचा, याला बोलण्यात बरीच मोकळीक आहे. "ऊ एस्क वू-झाबिते?" किंवा नुसतं "वू-झाबिते ऊ?" दोन्ही ऐकू येतं. आपणही "तुम्ही कुठे राहता?" आणि "राहता कुठे तुम्ही?" दोन्ही म्हणतोच. दोन बंधनं ध्यानात ठेवा. "क" (काय) हा शब्द शेवटी गेला की "क्वा" होतो: त्यू फे क्वा? (करतोस काय?) आणि पूर्क्वा, म्हणजे "का, कशासाठी", याला शेवटी ढकलू नका, तो पुढेच बरा. परीक्षेत प्रश्नशब्द पुढे ठेवून एस्क लावा, मित्रांत शेवटी टाका. हे परिस्थितीवर आहे, चूक-बरोबर असं नाही.

पाच मिनिटं सलग एस्क-एस्क केलं तर कंटाळवाणं होतं हेही खरं, आणि परीक्षक विविधता बघतात. त्यासाठी क्रियापद उलटं करायला जाऊ नका, आडून विचारा: "ज वूद्रे साव्वार सी..." म्हणजे "अमुक आहे का ते जाणून घ्यायचं होतं". इथे मराठी पुन्हा पाय ओढते. आपण "जेवण मिळतं का ते सांगा" म्हणतो, आत "का" तसाच राहतो, म्हणून विद्यार्थी आतही एस्क ठेवतो. तसं करू नका. सी आलं की एस्क गेलं. तसंच केस्क चं "स क" होतं आणि केस्की चं "स की". बाकीचे शब्द, ऊ (कुठे), कां (कधी), कोंब्यां (किती), तसेच राहतात आणि पुढचं वाक्य सरळ.

हे सगळं एकत्र कसं दिसतं ते बघा. जाहिरात भाड्याच्या घराची आहे:

"बोंजूर मस्य, ज वू-झापेल ओ स्युजे द लापार्तमां. एस्किल ए तूजूर दिस्पोनिब्ल?"
"वी, आ पार्तीर द्यू प्रम्ये ज्वीये."
"दाकोर. ए ल ल्वाये, से कोंब्यां?"
(तो आकडा सांगतो.)
"ल शोफाज ए कोंप्री?"
"नों, से-तां प्ल्यूस."
"सा फे कोंब्यां पार म्वा, आ प प्रे?"
(तो अंदाज सांगतो.)
"ज वूद्रे ओसी साव्वार सील्या युन लावरी दां लिमब्ल."

घर अजून रिकामं आहे का, भाडं किती, हीटिंग त्यात आहे का, नसेल तर महिन्याला अंदाजे किती, इमारतीत कपडे धुवायची सोय आहे का. (1 जुलै मी उगाच घातलेला नाही. क्वेबेकमध्ये बरेचसे भाडेकरार 30 जूनला संपतात आणि 1 जुलैला अर्धं शहर घर बदलत असतं.) पहिल्या प्रश्नात एस्क, मग शेवटी कोंब्यां, मग नुसता आवाजाचा चढ, मग पुन्हा कोंब्यां, मग आडून. क्रियापद एकदाही उलटं केलेलं नाही आणि कुठेही बेअदबी नाही. शिवाय "सा फे कोंब्यां" हा प्रश्न आधी ठरवून आणलेला नाही, समोरच्याच्या "आं प्ल्यूस" ला धरून आलाय. घरून पाठ केलेल्या यादीतले प्रश्न एकामागून एक टाकणारा उमेदवार लगेच कळतो, कारण मालकाने हीटिंग वेगळं म्हणून सांगितल्यावरही तो पुढे "हीटिंग भाड्यात धरलंय का" असंच विचारतो.

सरावासाठी याद्या करू नका. भाड्याच्या घराची किंवा एखाद्या क्लासची फ्रेंच जाहिरात घ्या, त्यात जे लिहिलेलं नाही तेवढंच विचारा, आणि दुसऱ्या कुणालातरी उत्तरं मनाने बनवून द्यायला सांगा. उत्तर मराठीत मिळालं तरी चालेल. तुमचा पुढचा प्रश्न त्या उत्तरातून निघतो की नाही एवढंच बघायचं.

उत्तरांवरून आठवलं. नकारातून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना सांभाळा. "पार्किंग नाहीये का?" याला आपण "हो, नाहीये" म्हणतो, कारण आपला "हो" समोरच्याच्या बोलण्याला दुजोरा देतो. फ्रेंचमध्ये पार्किंग नसेल तर उत्तर "नों", आणि असेल तर "वी" नव्हे, "सी". मालकाने तुम्हाला विचारलं, "वू नावे पा दानिमो?" पाळीव प्राणी नाहीत ना? तर "वी" म्हणू नका, तो गोंधळेल. "नों" म्हणा.

शेवटी माँट्रियलबद्दल. तिथे तुम्हाला "से-त्स्यू शोफे?" (हीटिंग आहे का?) किंवा "वू वूले-त्स्यू विझिते?" (घर बघायचंय का?) असं ऐकू येईल, आणि वाटेल की अनोळखी माणूस मध्येच अरे-तुरेवर आला. तसं नाही. क्रियापदाला चिकटलेला हा "त्यू" म्हणजे "तू" नव्हे, दुसऱ्या वाक्यात "वू" शेजारीच बसलाय. पार्ल-तिल मधल्या "तिल" चा ल झिजून "ती" झालं, त्याचंच हे तिकडचं रूप, आणि काम हो-नाही प्रश्नाची खूण करायचं, म्हणजे जवळजवळ आपला "का". तिथल्या उच्चारात इ आणि यू च्या आधीचा त थोडा त्स होतो, म्हणून ते आणखीच अनोळखी वाटतं. प्रश्नशब्द असलेल्या प्रश्नांना तो लागत नाही. परीक्षेत तो वापरू नका. तिथे राहायला गेल्यावर वापरायचा की नाही ते तुमच्या शेजाऱ्यांवर आणि तुमच्या कानावर सोडा. तोवर त्यांनी त्स्यू लावून विचारलं तरी तुम्ही एस्क लावून विचारलेलं त्यांना नीट कळतं.